डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश : वैद्य, कादंबरीकार आणि स्वातंत्र्याची मागणी

(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आपल्या सिंधुदुर्गात घरातल्या माणसाचं दुखणं हाताबाहेर गेलं की एक नाव ऐकू येतं. ‘त्यांका बांबोळीक न्हेल्यानी’ असं कुणी सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. मालवण असो, कुडाळ असो, सावंतवाडी असो, शेवटी रुग्णवाहिका पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरते. बांबोळीचं हे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला रुग्णालय म्हणून ठाऊक आहे. त्याची मुळं कुठे आहेत हे मात्र आपण सहसा विचारत नाही. ती १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यक आणि शल्यक्रियेच्या पोर्तुगीज शाळेत आहेत. ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ हे तिचं नाव.

या शाळेतून १८५० साली एक तरुण डॉक्टर बाहेर पडला. दहा वर्षांनी तो पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेला. १८६१ च्या जानेवारीत त्याने एका फ्रेंच कवीला पत्र लिहिलं आणि त्यात भारतासाठी स्वातंत्र्य मागितलं. तेव्हा लोकमान्य टिळक चार वर्षांचे होते. काँग्रेसच्या स्थापनेला अजून चोवीस वर्षं होती. पुढे १८६६ साली या डॉक्टरने कादंबरी लिहिली आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश हे त्यांचं नाव. इथून काही तासांच्या वाटेवर जन्मलेला हा माणूस आपल्याला जवळजवळ अपरिचित आहे.

याचं पहिलं कारण भाषेचं आहे. गोमिश यांची घरची भाषा कोंकणी, पण त्यांनी लिहिलं ते पोर्तुगीजमध्ये आणि फ्रेंचमध्ये. तेरेखोलच्या खाडीच्या या बाजूला आपण मराठी आणि इंग्रजी शिकलो. सोयरिकी, जत्रा, दशावतार, मासळी, सगळं खाडी ओलांडत राहिलं. पुस्तकं मात्र नाही ओलांडू शकली. तेव्हा आज आपण आधी हा माणूस कोण ते पाहू आणि मग त्याच्या विचारातली एक अडचण नीट तपासू. ती अडचण आपलीही आहे, असं आम्हाला वाटतं.

गोमिश यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी सासष्टीतल्या नावेली इथे झाला. नावेली म्हणजे मडगावच्या अगदी लगत. सासष्टी हा गोव्याच्या जुन्या काबिजादींतला, म्हणजे सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अमलाखाली असलेला भाग. आपल्या शेजारचं पेडणं मात्र १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलं. त्या मुलखाला नव्या काबिजादी म्हणत. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पेडण्याचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. त्याच तालुक्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड त्याच सुमारास मुंबईला जाऊन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले आणि १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कामात पडले. म्हणजे एकाच गोव्यातून दोन डॉक्टर निघाले. एक इंग्रजीतून मुंबईत सार्वजनिक कामात आला, दुसरा पोर्तुगीजमधून लिस्बनच्या संसदेत पोचला. वैद्यक शिकलेला माणूस तेव्हा राजकारणाकडे का वळत होता? आम्हाला याचं एक साधं उत्तर दिसतं. प्रेत फाडून पाहिलेल्या माणसाला आतून सगळी माणसं सारखी असतात हे कुणी सांगावं लागत नाही. गोऱ्याचं यकृत आणि काळ्याचं यकृत यांत फरक नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग बाहेर येऊन कातडीवरून आणि जन्मावरून केलेली प्रतवारी त्याला खटकू लागली तर नवल नाही.

आणि प्रतवारी त्यांच्या व्यवसायातही होती. पणजीच्या शाळेतून शिकलेले कित्येक डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत नोकरीला जात. पोर्तुगालमध्ये शिकलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत त्यांना दुय्यम लेखलं जाई. गोमिश स्वतः पोर्तुगीज लष्करात शल्यचिकित्सक होते.

१८६० साली ते लिस्बनच्या संसदेवर निवडून गेले. हे वाचताना आपण थबकतो. दादाभाई नवरोजी ब्रिटिश संसदेत पोचले ते १८९२ साली. त्याच्या तीस वर्षं आधी एक गोवेकर युरोपातल्या संसदेत कसा? याचं उत्तर पोर्तुगालच्या राज्यघटनेत आहे. १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर १८२२ ची घटना आली आणि वसाहतींनाही संसदेत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मिळाला. बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा हे गोव्याच्या पहिल्या प्रतिनिधींपैकी एक. अर्थात मत सर्वांना नव्हतं. ठरावीक उत्पन्न असलेल्या पुरुषांना होतं. कुळाला, बाईला, पाडेकराला नव्हतं. तरीही कागदावर गोव्याचा माणूस पोर्तुगालचा नागरिक होता. आपल्या बाजूला, म्हणजे सावंतवाडी संस्थानात किंवा मालवणच्या इंग्रजी मुलखात, तेव्हा नागरिक कुणीच नव्हतं. सगळी रयत होती.

आता त्या पत्राकडे येऊ. पत्राची तारीख ५ जानेवारी १८६१ आणि ते लिहिलं आल्फोन्स द लामार्तीन यांना. लामार्तीन मोठे कवी. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये जे हंगामी सरकार आलं त्यात ते परराष्ट्रमंत्री होते, आणि त्याच सरकारने फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. प्राचीन भारतीय साहित्याबद्दल त्यांनी आस्थेने लिहिलं होतं. लिस्बनला नुकत्याच पोचलेल्या गोमिश यांनी आपली ओळख करून देताना पोर्तुगाल, चर्च, गोवा यांपैकी कशापासूनच सुरुवात केली नाही. ज्या लोकांनी महाभारत रचलं आणि बुद्धिबळाचा शोध लावला त्यांचा मी वंशज आहे, अशी ओळख त्यांनी दिली. तो देश आज आपल्याच घरात कैदी आहे असं सांगितलं. भारतासाठी मी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागतो, असं म्हटलं. आणि स्वतःबद्दल सांगितलं की मी माझ्या देशबांधवांपेक्षा भाग्यवान आहे, मी मोकळा नागरिक आहे.

एक कॅथलिक डॉक्टर महाभारताला आपलं म्हणतो, याचं मोल मोठं आहे. धर्म बदलला म्हणून वारसा सोडावा लागत नाही, हे तो १८६१ साली गृहीत धरून चालला आहे. पण आमचं लक्ष शेवटच्या वाक्यावर जातं. भारत कैदेत आहे आणि मी मोकळा आहे. हे कसं? मागे एकदा हा विषय वर्गात मांडत असताना एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, ‘सर, मग गोवा त्यांच्या भारतात धरायचा की नाही?’ आम्ही त्या दिवशी उत्तर टाळलं. आज टाळायचं नाही.

त्यासाठी त्यांची कादंबरी पाहावी लागेल. तिचं नाव ‘उश ब्राह्मानिश’, म्हणजे ‘ब्राह्मण’. प्रकाशन १८६६, लिस्बन. आपल्याकडे बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ ची. म्हणजे कादंबरी हा प्रकारच भारतात पाऊल टाकत होता. गोमिश यांची कथा घडते अवधमधल्या फैजाबादला, १८५७ च्या उठावाच्या काळात. एका बाजूला माग्नोद हा ब्राह्मण, दुसऱ्या बाजूला रॉबर्ट डेव्हिस हा गोरा मालक. अपमान होतो, सूडाची आग पेटते, आणि शेवटाकडे ख्रिस्ती क्षमाभावाचा धागा येतो. कथेत योगायोग पुष्कळ आहेत, प्रसंग रंगवून सांगितलेले आहेत. आजच्या वाचकाला ती जुनी वाटेल. त्या काळच्या युरोपीय कादंबऱ्या अशाच असत.

पण तिच्या पोटात एक विचार आहे, त्यासाठी ती वाचायला हवी. शीर्षकातलं अनेकवचन पाहा. हे ब्राह्मण कोण? एक जन्माने ब्राह्मण आहे, खालच्या जातीच्या स्पर्शाने विटाळतो. दुसरा गोरा आहे, काळ्या माणसाला जवळ येऊ देत नाही, त्याला हात लावणं कमीपणाचं मानतो. गोमिश म्हणतात, दोघेही ब्राह्मणच. एकाची सोवळ्याची कल्पना जन्मावर उभी आहे, दुसऱ्याची कातडीवर. आणि भारतावर भारतीयांनीच राज्य करावं, हा विचार ते त्याच कादंबरीत स्पष्ट मांडतात.

वैद्य लक्षणं वेगवेगळी दिसली तरी रोग एकच आहे का ते पाहतो. ताप, खोकला, वजन घटणं ही तीन लक्षणं मिळून तो एक नाव देतो. गोमिश यांनी नेमकं हेच केलं. जातीचा माज आणि साम्राज्याचा माज यांना त्यांनी एका रोगाची दोन लक्षणं ठरवलं. परक्यांच्या राज्याला विरोध करणारे पुष्कळ जण जातीच्या बाबतीत मऊ असतात. जातीवर आसूड ओढणाऱ्यांना परकी सत्ता कधीकधी आधाराची वाटते. दोन्हींकडे एका नजरेने पाहणं अवघड असतं. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना फुल्यांनी ती अर्पण केली, म्हणजे जात आणि गुलामी यांचं नातं त्यांनीही पाहिलं. या दोघांनी एकमेकांना वाचलं असण्याचा काही संभव नाही. तरी सात वर्षांच्या अंतराने दोन टोकांवरून एकाच दुखण्यावर बोट ठेवलं गेलं.

तत्त्वज्ञानाच्या बाजूनेही एक तुलना करू. जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्वातंत्र्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ १८५९ चा. आम्ही तो तीस वर्षं शिकवला. त्या ग्रंथात मिल सुरुवातीलाच सांगून टाकतात की हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. हे मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. म्हणजे स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा भाष्यकार भारताला दाराबाहेर उभा करतो, आणि दोनच वर्षांनी नावेलीचा एक डॉक्टर त्याच दारावर थाप मारतो. परीक्षेला मिल होते, गोमिश नव्हते. आमच्या विद्यार्थ्यांना ही थाप ऐकूच आली नाही, आणि त्याला आम्हीही जबाबदार आहोत.

आता अडचण. कादंबरी फैजाबादला का घडते?

गोमिश डॉक्टर होऊन बाहेर पडले त्या वर्षांत गोव्यात काय चाललं होतं ते आठवा. १८५२ ते १८५५ सत्तरीत दिपाजी राणे यांचं बंड चालू होतं. सत्तरी म्हणजे नव्या काबिजादींतला, पुष्कळसा हिंदू, जंगली, डोंगराळ भाग. त्याच्याही आधी, १८४४ साली आपल्या सावंतवाडीत फोंड सावंतांचा उठाव झाला आणि इंग्रजांनी पाठलाग केल्यावर बंडवाले गोव्यात आसऱ्याला गेले. म्हणजे उठाव पाहायला लांब अवधपर्यंत जायची गरज नव्हती. तो नावेलीपासून एका दिवसाच्या वाटेवर होता. शिवाय गोऱ्या ब्राह्मणांचा शोध घ्यायचा तर पणजीत राज्यपालाचा वाडा होता. जातीचे ब्राह्मण शोधायचे तर सासष्टीतलं चर्च होतं. तिथे बाप्तिस्मा घेऊनही बामण आणि चारडो हे भेद शाबूत होते, लग्नं त्यांच्या आतच जुळत होती. सगळा रोग घरात असताना वैद्याने रुग्ण मात्र इंग्रजांच्या मुलखातला निवडला.

याला भित्रेपणा म्हणून सोडून देता येईल. आम्हाला तसं वाटत नाही. संसदेत गेल्यावर पहिल्याच महिन्यात वसाहतींच्या प्रतिनिधित्वाच्या बाजूने उभा राहणारा माणूस भित्रा नसतो. आमच्या मते कारण त्यांच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेत आहे. स्वातंत्र्य म्हणजे नागरिकत्व, असं ते मानत होते. ज्याला घटना आहे, मत आहे, संसदेत जागा आहे तो स्वतंत्र. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या रयतेला हे काही नव्हतं, म्हणून ती कैदेत. गोवेकराला ते होतं, निदान कागदावर, म्हणून तो मोकळा. गोव्यातला अन्याय संसदेत भाषण करून दूर करता येईल, त्याला बंडाची गरज नाही, असा हा हिशोब. १८६२ च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय पोर्तुगीज भारतातली शेती आणि जमीन. शीर्षकात शब्द आहेत ‘भूमीचं स्वातंत्र्य’. म्हणजे घरची दुखणी त्यांना दिसत होती, पण त्यांवर औषध कायद्याचं. १८६१ साली त्यांनी कापसाच्या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकात पश्चिम आफ्रिकेतला मुलूख पोर्तुगालच्या ताब्यातला म्हणून येतो, अगदी सहज. भारतासाठी स्वातंत्र्य मागणाऱ्या लेखणीला तिथे अडखळायला झालं नाही.

मग हा हिशोब बरोबर होता का? इतिहासाने त्याचं उत्तर चौसष्ट वर्षांनी दिलं. १९३० साली पोर्तुगीज सरकारने ‘आक्तु कोलोनियाल’, म्हणजे वसाहतींचा कायदा आणला. ज्या नागरिकत्वाच्या भरवशावर गोमिश स्वतःला मोकळा म्हणवत होते, त्यातली हवाच त्याने काढून घेतली. गोवा पुन्हा सरळसरळ ताब्यातली वसाहत झाला. त्याच वर्षी जुलैत लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या शासकीय मंडळात निषेधाचा ठराव मांडला आणि गोव्याच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क बजावला. हा धडा नीट समजून घेऊ. दिलेलं स्वातंत्र्य परत घेता येतं. देणारा जोवर दुसरा आहे, तोवर आपण नागरिक असू, पण त्याच्या मर्जीने.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी ज्येष्ठांना ठाऊक आहे. १९४६ साली असोळण्याच्या डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी डॉ. राममनोहर लोहिया उतरले आणि १८ जूनला मडगावात सभा झाली. पुन्हा एक वैद्य, आणि पुन्हा सासष्टी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आपल्या बांद्याकडून सत्याग्रही पत्रादेवीला पोचले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच रस्त्याने आज आपल्या रुग्णवाहिका बांबोळीला जातात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, लामार्तीनना लिहिलेल्या पत्रानंतर शंभर वर्षांनी.

गोमिश यांच्यासारखा दुसरा एक डॉक्टर जगात होऊन गेला. फिलिपिन्सचे होझे रिझाल. जन्म १८६१, म्हणजे त्या पत्राचंच वर्ष. डोळ्यांचे डॉक्टर, आणि राज्य स्पेनचं. त्यांनी १८८७ साली बर्लिनला कादंबरी छापली, ‘नोली मी तान्गेरे’, आणि तिच्या अर्पणपत्रिकेत समाजाच्या दुखण्याची तुलना कर्करोगाशी केली. फरक एवढा की रिझाल यांची कादंबरी घडते त्यांच्याच देशात, आणि तिच्यात त्यांच्याच गावात दिसावेत असे पाद्री नि अधिकारी आहेत. त्यांनी रोग घरात दाखवला. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ही तुलना आम्ही गोमिश यांना कमी लेखायला करत नाही. स्वतःच्या घराचं नाव घेतलं की किंमत किती वाढते, एवढं ध्यानात यावं.

आणि इथे आम्ही थोडं स्वतःकडे वळतो. आम्ही आयुष्यभर वर्गात समतेवर बोललो. काण्ट शिकवला, मिल शिकवला, अमेरिकेतला वर्णभेद समजावला. सुटीत गावी आलो की देवळात मानाच्या नारळाचा क्रम लागायचा, पालखीला कुणी खांदा द्यायचा आणि कुणी लांबून हात जोडायचे ते ठरलेलं असायचं. आमचाही एक मान होता. तो आम्ही घेत होतो. त्यावर एक ओळ लिहिली नाही. म्हणजे आमचंही फैजाबाद होतं, आणि सत्तरीकडे पाठ होती. तुम्ही आपापला हिशोब करा.

तरीही गोमिश यांचं ऋण का मानायचं? कारण विचार एकदा मांडला की तो मांडणाऱ्याच्या मर्यादेत राहत नाही. फैजाबादच्या गोऱ्याला ‘ब्राह्मण’ म्हटल्यावर पणजीच्या गोऱ्याला दुसरं काय म्हणणार? माग्नोदचं सोवळं चूक ठरल्यावर सासष्टीतल्या बामण-चारडोंचं बरोबर कसं? गोमिश यांनी तो प्रश्न शेवटपर्यंत नेला नसेल, पण वाचणाऱ्याला नेता येतो. अट एकच, वाचणारा हवा. ज्यांच्यासाठी स्वातंत्र्य मागितलं त्यांच्या भाषेत ते पुस्तक लिहिलं गेलं नाही, ही त्या पुस्तकाची खरी शोकांतिका आहे. पोर्तुगीज जाणणारी आणि मराठी लिहिणारी माणसं खाडीच्या दोन्ही बाजूंना आता थोडीच उरली आहेत. तुमच्यातल्या तरुणांपैकी कुणी पोर्तुगीज शिकत असेल तर ही कादंबरी मुळातून वाचा आणि जमलं तर मराठीत आणा.

शेवटी एवढंच सांगतो. १८६९ साली क्षयाने खंगलेले गोमिश गोव्याला परत यायला निघाले. आपला रोग कोणता आणि तो कुठवर गेला आहे हे डॉक्टरला वेगळं सांगावं लागलं नसेल. ३० सप्टेंबरला जहाजावरच त्यांचा अंत झाला आणि देह समुद्रात सोडला गेला. सुएझचा कालवा खुला व्हायला दीड महिना होता. आज पणजीत कांपालच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. बांबोळीला पेशंटसोबत गेलेल्या आपल्या माणसाला एखाद्या दुपारी दोन तास मोकळे मिळाले, तर पणजीत जाऊन तो पाहून यावा. ज्या शाळेच्या वंशजाकडे आपण जीव सोपवतो, त्या शाळेचा हा विद्यार्थी आहे.